मेडिटरेनियन क्रूझ म्हणजे शहरं बघणं नव्हे (असहमत असाल तर या)

खारा_वारा
नमस्कार मंडळी. गेल्या सप्टेंबरात आम्ही सहा जणं सात रात्रींची मेडिटरेनियन क्रूझ करून आलो. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, लिव्होर्नो, चिव्हिताव्हेकिया, नेपल्स, एक दिवस नुसता समुद्र, मग पाल्मा आणि परत बार्सिलोना. आता धाकट्या भावाचं हेच बुक करायचं चाललंय, मी म्हटलं अजिबात करू नकोस, आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर उभी फूट पडलीये.

माझं म्हणणं सरळ आहे. पत्रकावर मोठ्या अक्षरात 'रोम' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'चिव्हिताव्हेकिया'. हे गाव रोमपासून ७०-८० किलोमीटर लांब. म्हणजे न्हावाशेव्याला उतरवायचं आणि सांगायचं, जा, संध्याकाळपर्यंत पुणे बघून या. जहाज सातला लागलं, बुफेतली झुंबड, लिफ्टची रांग, मग बंदराच्या गेटपर्यंत शटल, तिथून स्टेशन, तिकिटाच्या मशीनशी झटापट, ट्रेन तासाभराची, असं करत रोममध्ये पाय ठेवला तेव्हा साडेदहा वाजले होते. साडेपाचला सगळे जहाजावर हवेत, त्यामुळे तीनला परतीची धाकधूक सुरू. कोलोसियम बाहेरून, ट्रेव्ही फाउंटन माणसांच्या डोक्यांवरून, व्हॅटिकन शून्य. आदल्या दिवशी लिव्होर्नोहून फ्लॉरेन्सचीही हीच कथा.

आणि नेपल्सला तर हसावं की रडावं. तिथे जहाज थेट शहराच्या पोटात लागतं. मला तिथल्या म्युझियममधली ती 'पॉम्पेईची लक्ष्मी' बघायची होती, १९३८ साली पॉम्पेईत (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जवळचं रोमन शहर) सापडलेली, हस्तिदंताची, जेमतेम वीतभर उंचीची, आपल्या देशातून गेलेली. म्युझियम धक्क्यापासून दोनेक किलोमीटरवर. पण आम्ही जहाजाचीच पॉम्पेई एक्स्कर्शन घेतलेली, गाईडच्या हातात १४ नंबरची पाटी, त्या पाटीमागे दोन तास उन्हात मेंढरांसारखे चाललो, मग 'फॅक्टरी व्हिजिट'च्या नावाखाली एका दुकानात चाळीस मिनिटं बसवलं, आणि परत जहाज. संध्याकाळी डेकवर चहा घेत नेपल्सकडे बघत बसलो.

तर माझं मत: इतिहासाची आवड असेल तर क्रूझ नको. बोला.

गुडघेदुखी_७२
अहो खारा वारा, तुमचं वय काय हो? पंचेचाळीस? मग बरोबर आहे तुमचं.

मी ७२, हे ७६, ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. आधी आम्ही बसची युरोप टूर केली होती, बारा दिवसांत सात हॉटेलं, पहाटे साडेपाचला वेक-अप कॉल, सहाला बॅगा दाराबाहेर. घरी येऊन मी आठ दिवस झोपून काढले. मग लेकीने जबरदस्तीने ग्रीसची क्रूझ करून दिली. बॅग एकदा उघडली ती परत निघतानाच भरली. ह्या एका गोष्टीसाठी मी क्रूझवाल्यांना शंभर गुन्हे माफ करीन.

रोड्सला तर बोटीवरून उतरलं की समोर कोटाची भिंत. ना बस ना ट्रेन. हळूहळू चालत दरवाज्यातून आत गेलो, नाइट्सची (मध्ययुगातले ख्रिस्ती लढवय्ये) ती दगडी गल्ली, गोटे पायाला टोचतात म्हणून हे अर्ध्यात एका पायरीवर बसले, मी एकटी वरपर्यंत जाऊन आले. दुपारी बोटीवर जेवून पडलो आणि चारला पुन्हा खाली उतरलो. हे कुठल्या टूरमध्ये जमतं सांगा. सँटोरिनी मात्र आवडलं नाही, खरं सांगते. छोट्या बोटीने धक्क्यावर नेतात, वर जायला केबलकारची ही रांग, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या नाहीतर गाढव. आम्ही रांग बघूनच परत फिरलो. शिवाय आता २०२५च्या जुलैपासून सीझनमध्ये तिथे आणि मिकोनोसला क्रूझवाल्यांना माणशी २० युरो लावलेत म्हणे.

सदाशिव_पेठी
खारा वारा यांच्याशी सहमत, फक्त कारण वेगळं. तिकीट स्वस्त दाखवतात आणि मग माणशी रोजची टिप, वायफाय, पाण्याची बाटली, एक्स्कर्शन, सगळं जहाजाच्या त्या कार्डावर चढत जातं. शेवटच्या रात्री दाराखाली बिल सरकवतात तेव्हा जो भूकंप होतो त्यापुढे नेपल्सचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी काहीच नाही.

तगर
धाग्यात लक्ष्मी आली म्हणून लॉगिन केलं.

मी धाराशिवचा, गोरोबाकाकांचं तेर आमच्यापासून अगदी जवळ. तेरच्या लामतुरे संग्रहालयात अगदी तसलीच हस्तिदंती बाई आहे, तसेच दागिने, तशीच उभी राहायची ढब. भोकरदनच्या उत्खननातही त्याच घाटाचा तुकडा मिळालाय. आधी लोक तिला मथुरेची म्हणायचे, पण हे सापडल्यावर ती आपल्याकडचीच, सातवाहनांच्या मुलखातली, असं बरेच अभ्यासक मानतात. बादवे ती बहुधा लक्ष्मी नाहीच. डोक्यात वरून भोक आहे, त्यामुळे आरशाची मूठ नाहीतर एखाद्या तिवईचा पाय असावा.

तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत लिहिलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथला माल गाड्यांतून भरूचला जायचा. तिथून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, मग इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रिया आणि पुन्हा जहाज. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला त्याच्या आधी ती तिथे पोचलेली होती.

म्हणजे बघा, ती बाई एवढ्या लांबून जहाजाने गेली, आणि तुम्ही जहाजाने जाऊन तिला न बघता आलात. यात क्रूझची काय चूक, एक्स्कर्शन तुम्ही घेतलीत ना!

खारा_वारा
@तगर घाव वर्मी बसला. पण दिवसच आठ तासांचा असेल तर माणूस पॉम्पेई निवडणार की म्युझियम? चार दिवस राहिलो असतो तर ही निवडच करावी लागली नसती, हेच तर म्हणतोय.

पादोव्हाकर
मी व्हेनिसपासून ट्रेनने अर्ध्या तासावर राहते, नऊ वर्षं झाली. गुडघेदुखी काकू, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलते, पण त्या कोटाच्या आत राहणाऱ्या माणसाचाही विचार करा.

व्हेनिसमध्ये ही जहाजं जुदेक्का कालव्यातून अगदी सान मार्को या मुख्य चौकाच्या समोरून जायची. खाली घरं दोन-तीन मजली आणि वरून हे अकरा-बारा मजली धूड सरकतंय, आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसायचा नाही. २०१९च्या जूनमध्ये एक जहाज काबूत राहिलं नाही, धक्क्याला आणि तिथे उभ्या असलेल्या छोट्या प्रवासी बोटीला जाऊन धडकलं, माणसं जखमी झाली. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांच्या वरची जहाजं त्या वाटेने बंद केली. आता ती पलीकडे मार्घेराच्या कारखान्यांच्या बंदरात लागतात, नाहीतर राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेला, आणि पत्रकावर अजूनही व्हेनिसच लिहिलेलं असतं. १९५१ साली जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाख माणूस राहायचा, आता पन्नास हजारसुद्धा नाही. ओळखीच्या एक आजी होत्या, त्यांच्या गल्लीतला भाजीवाला गेला आणि तिथे मुखवट्यांचं दुकान आलं. दोन कांदे आणायला पूल चढून-उतरून दुसऱ्या भागात जायच्या.

क्रूझवाला नाश्ता जहाजावर करून उतरतो, रात्रीच्या जेवणाला जहाजावर परततो, मधल्या वेळात एक मॅग्नेट घेतो. गावाला काय मिळालं? गर्दी आणि धूर.

अर्धवट_प्रवासी
पादोव्हाकर, भावना पोचल्या पण हिशोब एकतर्फी आहे. घरं पर्यटकांना भाड्याने दिल्यामुळे माणसं बाहेर गेली, ते काय क्रूझवाल्यांनी केलं? क्रूझवाला तर रात्री घर अडवतच नाही. स्वस्त विमानं, दिवसभराच्या बसेस, फोटोपुरती आलेली पोरं, त्यांना कोणी बोलत नाही, कारण ते जहाजासारखे एकदम डोळ्यावर येत नाहीत. २०२४पासून गर्दीच्या दिवसांत दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरोपासून शुल्क घेतात ना तुमच्याकडे, गर्दी किती कमी झाली? धुराचं म्हणाल तर १ मे २०२५ पासून अख्ख्या भूमध्य समुद्रात जहाजाच्या इंधनात गंधक ०.१ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं.

पादोव्हाकर
गर्दी कमी झाली नाही, मान्य. पण बसमधून एकदम चार हजार माणसं उतरत नाहीत. एका तासात चार हजार आणि दिवसभरात चार हजार यात फरक आहे, आषाढी एकादशीला पंढरपुरात जाऊन बघा.

सोलकढी
मधेच विचारते, राग मानू नका, क्रूझवर जैन जेवण मिळतं का? सासूबाईंसाठी हवंय.

गोंयचो_तारवटी
@सोलकढी मिळतं, पण बुकिंग करतानाच कळवा आणि चढल्यावर पहिल्याच रात्री मेन डायनिंगच्या हेड वेटरला भेटा. तो बऱ्याचदा आपलाच माणूस निघतो.

आता मूळ विषय. मी पेडण्याचा, अकरा वर्षं जहाजावर काढली, सुरुवात भांडी घासण्यापासून. आमच्या गोव्यात जहाजावर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि घरटी नाही तरी वाड्यागणिक एक सापडतो. पाहुणे आठ दिवसांत जेवढं बघतात तेवढं बघायला आम्हाला दोन काँट्रॅक्ट लागायची, कारण दोन शिफ्टमधल्या तीन तासांत जेवढं चालता येईल तेवढंच आपलं शहर. त्यामुळे कुठलं बंदर तीन तासांत हाताला लागतं आणि कुठलं नाही हे पायांना पाठ आहे.

खारा वारा, तुमचा राग बरोबर आहे पण तुम्ही रूट चुकलात. रोम, फ्लॉरेन्स ही बंदरं नाहीतच, त्यांना क्रूझने बघू नये. बार्सिलोना, ऍथेन्स मधली, ऍथेन्सला पिरेअसहून मेट्रो आहे म्हणून चालतं. पण व्हॅलेटा (माल्टा), रोड्स, कोटोर, डुब्रोवनिक ही गावं समुद्राकडून येणाऱ्या माणसाच्या छातीत धडकी भरावी म्हणूनच बांधलेली आहेत. विमानाने जाऊन टॅक्सीने गावात शिरलात तर मागच्या दाराने शिरलात. माल्टाला जहाज आत शिरतं ना, तेव्हा डावी-उजवीकडे मधाच्या रंगाचे बुरुज अंगावर येतात. १५६५चा तुर्कांचा वेढा सोसून पुढच्या वर्षी नाइट्सनी ही व्हॅलेटा वसवायला घेतली. का, ते डेकवरून न सांगता कळतं. गेली चारशे वर्षं जो आला तो असाच आला.

डुब्रोवनिकला जहाज ग्रुझला लागतं, जुन्या गावापर्यंत बस. तिथल्या महापालिकेने क्रूझ कंपन्यांशी बोलून दिवसाला दोनच जहाजं असं ठरवून घेतलंय, त्यामुळे पूर्वीसारखी चेंगराचेंगरी नसते. तिथला ग्रामदेव म्हणजे सेंट ब्लेझ, हातात शहराची छोटी प्रतिकृती धरून उभा. आणि गंमत म्हणजे त्याच संताचं देऊळ, म्हणजे चर्च हो, आमच्या गोव्यात जुन्या गोव्याजवळ गंडावळीला आहे, सोळाव्या शतकात तिकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात. मी पहिल्यांदा डुब्रोवनिकला गेलो तेव्हा ते चर्च बघून आईला फोन केला, म्हटलं, आपला सांव ब्राझ इथे भेटला!

पादोव्हाकर
सांव ब्राझचं माहीत नव्हतं, सुंदर. दोन जहाजांचा नियम मला हवाय तोच आहे, फक्त तो सगळीकडे हवा. बार्सिलोनानेसुद्धा सातची पाच टर्मिनल करायचं ठरवलंय २०३०पर्यंत. धक्का लहान केला की येणारे आपोआप जपून येतात.

सदाशिव_पेठी
धक्का लहान केला की तिकीट मोठं होतं, ते आम्ही भरतो.

तगर
तारवटी यांना अनुमोदन, आणि एक अवांतर. काकूंच्या ग्रीसच्या रूटवर कुशादासी (तुर्कीतलं बंदर) असणार, तिथून इफेसस. ते मुळात बंदरच होतं. नदीच्या गाळाने बंदर बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे गेला, शहर ओस पडलं. आपल्याकडे चौल, सोपारा यांचं झालं तेच. म्हणून आता जहाज दुसऱ्याच गावात लागतं आणि तिथून वीसेक किलोमीटर बस. तेव्हा रोमवाल्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये.

अर्धवट_प्रवासी
व्हिसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून: रूटमध्ये कोटोर (माँटेनिग्रो) किंवा तुर्की असेल तर शेंगेनच्या (एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) बाहेर जाऊन परत आत येता, त्यामुळे मल्टिपल एंट्रीच मागा. क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, त्याची काळजी नको. आमच्या ग्रुपमधल्या एकांनी सिंगल एंट्री काढली आणि दोन दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं.

खारा_वारा
बरं, भावाला धागा पाठवला. तो म्हणतो रोम रद्द, कोटोर-व्हॅलेटावाला रूट बघतो, म्हणजे ग्रुपवर माझा अर्धा विजय. मी स्वतः मात्र पुन्हा क्रूझ करणार नाही. पुढच्या वर्षी नेपल्सला चार रात्री खोली घेऊन राहणार, पहिल्या दिवशी सकाळी म्युझियम. तगर, फोटो इथेच टाकतो.

गुडघेदुखी_७२
टाका टाका. आणि तारवटीदादा, हे सगळं वाचून आमच्या ह्यांनी कोटोरचं मनावर घेतलंय, खोली कुठल्या बाजूची घेऊ?

गोंयचो_तारवटी
आत जाताना डावी बाजू, काकू. चिंचोळी खाडी संपली की डावीकडे पेरास्त गाव आणि पाण्यात दोन इवली बेटं, एकावर चर्च, एकावर सुरूची झाडं. पण खोलीच्या बाल्कनीत बसू नका, पहाटे साडेपाचला सरळ वरच्या डेकवर पुढे जा. काकांना खुर्ची मिळेल, तेव्हा कोणी नसतं तिथे, आमची झाडलोट करणारी पोरं सोडून. आणि स्वेटर घ्या, जुलैत गेलात तरी.