स्टीम ज्युसरचा रस पातळ येतोय, बाटल्या फसफसल्या, जेली जमली नाही – कुठे चुकतंय?

केळफूल:
नमस्कार मंडळी,
आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, गेल्या वर्षी गावाबाहेर एक छोटी श्रेबरगार्टन (भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा) मिळाली आणि त्यात आधीच्या आजोबांनी लावलेली रेड करंटची (घोसांनी लागणारी आंबट लाल बारीक फळं) सहा झुडपं आयती मिळाली. इथे त्याला योहानिसबेर म्हणतात, २४ जूनला संत योहानिसचा (सेंट जॉनचा) दिवस असतो आणि त्याच सुमारास ती पिकायला लागतात म्हणून. यंदा इतकी लगडली की फांद्या जमिनीला टेकल्या. मिक्सरमधून काढून गाळायला बसलं की बियांमुळे गाळणी तुंबते आणि हात दुखून येतात, म्हणून फ्लोमार्क्टमध्ये (जुन्या वस्तूंच्या बाजारात) एका आजींकडून जुना स्टीलचा स्टीम ज्युसर घेतला, तीन मजली, खाली पाण्याचं भांडं, मध्ये रस साठतो ते भोंग्यासारखं नळकांडं असलेलं भांडं आणि त्याला रबरी नळी, वर चाळणी.

४ किलो फळं घातली, दोन तास वाफवली, रस आला पण फिका आणि पाणचट. मोठ्या पातेल्यात काढून ठेवला, तासाभराने जरा कोमट झाल्यावर कपड्यातून गाळून धुतलेल्या बाटल्यांत भरला. तीन आठवड्यांनी तळघरात गेले तर दोन बाटल्यांची झाकणं फुगलेली, एक उघडली तर फस्सकन फेस आला. उरलेल्या रसाची साधी साखर घालून एकदम ३ लिटरची जेली करायला घेतली, पाऊण तास उकळली तरी काकवीसारखीच राहिली.

माझी आई दर मे महिन्यात करवंदाची जेली करायची, उन्हात धरली की माणकासारखी दिसायची आणि चमच्याने कापली तर कापलेली धार तशीच उभी राहायची. तशी एकदा तरी जमावी अशी फार इच्छा आहे. आई आता नाहीये त्यामुळे विचारायची सोय नाही. काळ्या करंटची झुडपं अजून तोडायची आहेत, तेवढ्यात कुणी सांगेल का?

सुपारी:
केळफूल, आधी त्या बाटल्यांचं बघ. उरलेल्या ज्या त्याच दिवशी भरल्यास त्या सगळ्या संशयित आहेत, सिंकमध्ये ठेवून वर जाड टॉवेल टाकून हळूच उघड आणि फेसाळलेला किंवा बुरशी आलेला रस सरळ ओतून दे, वरची बुरशी काढून उकळून वापरू असं अजिबात करू नकोस. फसफसणारी बाटली तळघरात फुटली तर काच चारी दिशांना जाते.

मी फिनलंडमध्ये टाम्पेरेला ११ वर्षं आहे. इथे या भांड्याला मेहूमाया म्हणतात, मेहू म्हणजे रस आणि माया हे बाईचं नाव, आणि ऑगस्ट लागला की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात कुणाकडे काय वाफवतायत ते वासावरून कळतं. मला शेजारच्या काकूंनी शिकवलं.

तुझा रस पातळ झाला कारण दोन तास फार झाले. वाफ फळांना लागून थंड होते आणि तिचं पाणी होऊन रसातच पडतं, फळातला रस निघून गेला तरी वाफ चालूच, मग तू नुसतं पाणी गोळा करत बसतेस. करंटला पाणी उकळल्यापासून पाऊण तास ते एक तास बास. सफरचंदाला दीड तास लागतो. फळांवर थर देत किलोला १०० ते २०० ग्रॅम साखर भुरभुरवलीस तर रस लवकर सुटतो, नाही घातली तरी चालतं. देठ काढायची पण गरज नाही, घोस नुसते धुऊन टाकायचे, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

आणि संपायच्या पाच मिनिटं आधी नळीतून अर्धा लिटर रस काढून परत फळांवर ओतायचा. नळीत अडकलेला रस थंड असतो, तो परत वाफेत जातो, नळीही आतून गरम होते आणि रस सगळा एकसारखा होतो. ही गोष्ट काकूंनी मला पहिल्याच दिवशी हात धरून करायला लावली होती.

आता भरणं. तुझी मुख्य चूक ती तासभर थांबण्यात आहे गं. रस नळीतून येतो तेव्हा वाफाळता असतो, तोच ८० डिग्रीच्या वर असताना थेट बाटलीत, काठोकाठ, आणि लगेच झाकण. कोमट झाला, कपड्यातून गेला की हवेतलं आणि कपड्यातलं यीस्ट त्यात पडलंच, आणि त्याला गोड रस म्हणजे सणच. बाटल्या नुसत्या धुतलेल्या नकोत, ओव्हनमध्ये १०० डिग्रीला पंधरा वीस मिनिटं ठेवून गरम गरमच बाहेर काढ म्हणजे तडकणारही नाहीत. क्लिपवाल्या बाटल्या असतील तर रबरी रिंगा नव्या घे, जुनी रिंग कडक झालेली असते आणि बारीक हवा जात राहते, डोळ्याला दिसत नाही. नळीचा चिमटा सोडताना हातमोजा घाल, माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

कोकणकडा:
सुपारीताईंनी रसाचं सगळं सांगितलं, मी जेलीचं सांगतो, आम्ही कुडाळकडचे आणि आमच्याकडे करवंद, जांभूळ, कोकम हाच उद्योग.

३ लिटर एकदम कधीच घेऊ नका. मोठ्या पातेल्यात पाणी आटायला वेळ लागतो आणि तोवर पेक्टिन, म्हणजे फळातला जेली घट्ट करणारा घटक, उकळून उकळून तुटतं, पेक्टिन तुटलं की मग कितीही आटवा, पाकच होणार, जेली नाही. एका वेळी एक लिटर, पसरट बुडाच्या पातेल्यात, मोठ्या आचेवर भराभर. रेड करंटमध्ये पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, त्यामुळे साध्या साखरेत १ लिटरला पाऊण ते १ किलो धरून व्हायला हवी. फळं अगदी पिकून मऊ झाली असतील तर पेक्टिन कमी होतं, म्हणून थोडी अर्धी कच्ची मुद्दाम मिसळायची, तुमच्या आईसुद्धा पिकलेल्या काळ्या करवंदांत मूठभर लालसर कच्ची टाकत असणार, आमच्याकडे सगळ्या बायका टाकतात.

झाली कशी ओळखायची तर थर्मामीटर असेल तर १०४-१०५ डिग्री. नसेल तर फ्रीजरमध्ये बशी ठेवा, तिच्यावर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला, वर सुरकुती आली की गॅस बंद. आमची आजी उलथनं बुडवून आडवं धरायची, थेंब थेंब पडत असेल तर कच्ची, दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे सुटले की झाली. तो पापुद्रा एकदा बघितला की माणूस परत विसरत नाही.

चाळणीतला चोथा पिळू नका, जेली गढूळ होते. तो चोथा पुरणयंत्रातून काढा, बिया मागे राहतात आणि गराचा जॅम होतो.

अवनी७:
वाचतेय, खूप माहिती मिळाली. मी पुण्यात, हे भांडं माझ्याकडे नाही आणि वर्षातून एकदा जांभळासाठी एवढं घ्यायचं जिवावर येतं. मोदकपात्रात होईल का? आणि कोकणकडादादा, कोकमाचा रस याच्यात काढता का तुम्ही?

कोकणकडा:
होईल की. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात उंच रिंग, रिंगवर रुंद स्टीलचा टोप, आणि त्याच्या वर पातेल्याच्या काठावर बसेल अशी चाळण, वर घट्ट झाकण. टोपाच्या बाजूने वाफ वर गेली पाहिजे एवढी फट ठेवा. घुमटासारखं झाकण असेल तर वाफेचं पाणी कडेने उतरतं आणि रसात कमी पडतं. जांभळाचा गर बीला इतका चिकटून असतो की हाताने काढताना अर्धा दिवस जातो, वाफेत तो आपोआप सुटतो आणि रंग असा जांभळा गडद येतो की ओटा लगेच पुसावा लागतो. तुरटपणा मात्र राहतो, तो जांभळाचाच आहे.

पाण्यात एक स्टीलची छोटी वाटी किंवा नाणं टाका, पाणी आहे तोवर खडखडतं, आवाज थांबला की पाणी संपलं. आमच्याकडे एकदा गप्पांच्या नादात खालचं भांडं कोरडं पडलं, बूड काळं झालं आणि वरच्या ६ किलो जांभळाच्या रसाला करपट वास लागला, सगळा टाकावा लागला. त्या दिवसापासून वाटी टाकल्याशिवाय आम्ही गॅस पेटवत नाही.

कोकमाला खरं तर वाफ लागत नाही. सालांच्या वाट्यांत साखर भरून चिनीमातीच्या बरणीत उन्हात ठेवली की आठवडाभरात अमृतकोकम तयार, आणि मीठ लावून काढलेलं ते आगळ. ऊनच सगळं काम करतं. पण मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला की झाडावरचं उरलेलं कोकम भिजतं, ऊन नसतं, आणि तो माल कुजून जातो, दरवर्षी जीव हळहळतो. तो भिजका माल मी दोन वर्षं वाफेवर काढून बघतोय. रस आंबट लालबुंद येतो, उन्हातल्या अमृतकोकमाची चव त्याला नाही हे कबूल, पण सोलकढीला आणि सरबताला उत्तम, आणि टाकण्यापेक्षा कितीतरी बरं. भांडं स्टीलचंच हवं, अ‍ॅल्युमिनियम कोकमाच्या आंबटाने खाल्लं जातं.

सुपारी:
कोकणकडा, हे पावसातल्या कोकमाचं फारच आवडलं, लांजाला मामांना आजच फोन करून सांगते.
एक सावधगिरी सगळ्यांसाठी. हे गरम भरून ठेवायचं तंत्र फक्त आंबट फळांना, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असलेल्यांना. गाजर, बीट, दुधी असले रस याच्यात काढून बाहेर ठेवू नका, त्यात बोट्युलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) जंतू वाढू शकतो आणि वासाने कळतही नाही. ते काढले तर फ्रीजमध्ये आणि एक दोन दिवसांत संपवायचे.
आणि केळफूल, सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे होलुंडरची (एल्डरबेरीची) काळी फळं मिळतील, स्टीम ज्युसरसाठी एक नंबर, पण ती कच्ची खायची नाहीत, उलट्या होतात. देठ आणि हिरवे दाणे काट्याने खरवडून वेगळे काढायचे आणि रस नीट उकळायचा. करंटसारखे घोस तसेच टाकू नकोस.

केळफूल:
काल काळे करंट तोडले, साडेतीन किलो. खाली वाटी टाकली, खडखड ऐकत पन्नास मिनिटं शेजारीच बसून राहिले, शेवटी अर्धा लिटर परत वर ओतला. रस इतका दाट आला की पेल्याला रंग चढला. पाच बाटल्या नळीतूनच भरल्या, नव्या रिंगा लावून. उरलेल्या एका लिटरची जेली, साधी साखर, बारा मिनिटं उकळली असेल. बशीवर सुरकुती आली, मग उलथनं आडवं धरून बघितलं आणि दोन थेंब एकमेकांत मिसळून पापुद्रा सुटला. मी दोन वेळा परत बुडवून बघितलं.

आज सकाळी बरणी खिडकीत ठेवली आहे. रंग करवंदाच्या जेलीपेक्षा काळपट आहे. चमच्याने कापली, धार उभी राहिली.