जिओटेक्निकल अभियंत्याने मोठे व्हायचे म्हणजे माती सोडायची का?

बोअरलॉग (धागाकर्ता):

आमच्या जिओटेक्निकल क्षेत्रात, म्हणजे बांधकामाखालची माती आणि खडक तपासण्याच्या कामात, बढतीची वाट ठरलेली आहे. सुरुवातीची काही वर्षे ड्रिलिंग रिगजवळ आणि प्रयोगशाळेत जातात, पुढची काही सॉइल रिपोर्ट आणि पायाची गणिते करण्यात जातात, आणि जमीन थोडीफार कळू लागली की माणसाला प्रोजेक्ट मॅनेजर करून टेंडर, बिले आणि बैठकांच्या मागे लावले जाते. पगार वाढतो, हाताखाली माणसे येतात आणि याला नेतृत्व म्हणतात. माझ्या मते ही बढती कसली, गळतीच.

पोलाद कारखान्यातून प्रमाणपत्रासह येते, जमीन तशी येत नाही. मोठ्या प्लॉटवर चार-पाच बोअरहोल (तपासणीसाठी पाडलेली खोल छिद्रे) घेतले तरी दोन बोअरमधील जमीन कोणी पाहिलेली नसते. मुंबईत बेसॉल्ट, ब्रेशिया आणि टफ हे वेगवेगळे खडक जवळजवळ सापडतात, खाडीकाठी त्यांच्यावर मऊ सागरी चिकणमाती असते. अशा ठिकाणी अनुमान करणाऱ्याला आकडा कसा आला हे माहीत असावे लागते. एसपीटीचेच, म्हणजे नळी जमिनीत ठोकून लागलेल्या ठोक्यांवरून घट्टपणा मोजण्याच्या चाचणीचे, पाहा. आयएस २१३१ या भारतीय मानकानुसार ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून मोकळा पडला पाहिजे आणि पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरचे मोजले पाहिजेत. विंचच्या ड्रमवर दोराचे वेढे राहिले की हातोडा अडखळत पडतो, ऊर्जा कमी पोचते, ठोके जास्त लागतात आणि कागदावर जमीन आहे त्याहून घट्ट दिसते. हे रिगजवळ उभे राहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून या विषयात ज्येष्ठाने अखेरपर्यंत कोअर बॉक्स (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांची पेटी) स्वतः उघडून पाहावा आणि त्याची वाढ त्याच कामात मोजली जावी, असे मला वाटते.

पायाखालची:

मला हे पटत नाही. २० एप्रिल २००४ रोजी सिंगापूरमध्ये निकोल हायवेलगत मेट्रोच्या सर्कल लाइनचे खोल खोदकाम कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. तेथे मापनयंत्रे बसवलेली होती आणि डायफ्रॅम वॉल (खोदकामाच्या कडेची जमिनीतील काँक्रीटची भिंत) अंदाजापेक्षा जास्त सरकत असल्याचे हे सरकणे मोजणारे इन्क्लिनोमीटर सांगत होते, परंतु नव्याने गणित करून सरकण्याची मर्यादाच वाढवली गेली आणि खोदकाम पुढे चालू राहिले. मऊ चिकणमातीची ताकद संगणकीय विश्लेषणात जास्त धरली गेली होती आणि भिंतीला टेकू देणाऱ्या पोलादी आडव्यांच्या जोडण्या कमजोर होत्या, हे चौकशीत पुढे आले. नोंदी डोळ्यांसमोर असताना काम थांबले नाही, याचा अर्थ थांबवण्याचा अधिकार आणि जमिनीचे ज्ञान एका खुर्चीत बसलेले नव्हते. आपण चांगल्या जिओटेक अभियंत्यांना बैठकांपासून दूर राहा म्हणता, तेव्हा ती खुर्ची आपण होऊन दुसऱ्याला देऊन टाकता. बजेट, वेळापत्रक आणि दंडाची कलमे ज्याला कळत नाहीत त्याचे ‘थांबा’ कोणी ऐकत नाही.

बोअरलॉग:

आपल्या उदाहरणात मर्यादा वाढवण्याचे गणित कोणी केले? अभियंत्यांनीच. त्या गणितातील मातीची ताकद चुकीच्या पद्धतीने धरली आहे हे ओळखायला व्यवस्थापनाची पदवी उपयोगी पडली नसती. जिओटेक अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ च्या रँकिन व्याख्यानात निरीक्षण-पद्धत, म्हणजे काम चालू असताना मोजमापे घेत आराखडा बदलत जाण्याची पद्धत, मांडली. तिची एक अट अशी की मोजमाप प्रतिकूल आले तर काय करायचे हे खोदकामापूर्वीच ठरलेले असावे, आणि काम चालू असताना आराखडा बदलणे शक्य नसेल तर ही पद्धत वापरूच नये. हे आधी ठरवणे म्हणजे नेतृत्वच आहे, आणि जमीन वाईटात वाईट किती वागू शकेल याचा अंदाज असलेल्यालाच ते जमते.

कोअरबॉक्स:

दोन्ही ज्येष्ठ वरच्या मजल्यावरून बोलत आहेत. मी सध्या साइटवर आहे आणि तळमजल्यावरची अडचण वेगळी आहे. माती-तपासणीचे काम सर्वांत कमी दराला जाते, बिल बहुतांशी बोअरच्या मीटरवर निघते, त्यामुळे थांबून काळजीपूर्वक केलेली प्रत्येक चाचणी ठेकेदाराच्या तोट्याची ठरते. चहाच्या सुट्टीनंतर लिहिलेले ठोके मी पाहिले आहेत. तीन वेगवेगळ्या खोलींवर तोच आकडा, तेही एकाच पेनाने. (महिलांसाठी साइटवर स्वच्छतागृह असावे ही मागणी आजही ‘सोय’ म्हणून ऐकली जाते, हे जाता जाता.) मग अहवाल तयार होतो आणि बिल्डरच्या कार्यालयातून फोन येतो, “मॅडम, एसबीसी जरा वाढवून द्या, राफ्टचा खर्च परवडत नाही.” एसबीसी म्हणजे जमीन सुरक्षितपणे पेलू शकेल तो भार, आणि राफ्ट म्हणजे इमारतीखालचा सलग काँक्रीटचा पाया. या फोनला नाही म्हणण्याचे बळ कनिष्ठ अभियंत्याकडे नसते, आणि ज्यांच्याकडे असते त्यांना पुढच्या दहा कामांची चिंता असते. अशा ठिकाणी तज्ज्ञ व्हावे की व्यवस्थापक, हा प्रश्नच आमच्यासाठी फार पुढचा आहे.

खडकवाट:

कोअरबॉक्स यांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. व्यक्तीच्या निवडीवर वाद घालण्यापेक्षा पदे कशी निर्माण होतात ते पाहावे. हाँगकाँगमध्ये जून १९७२ मध्ये साउ माउ पिंग आणि पो शान येथे एकाच दिवशी दरडी कोसळून १३८ जणांचा बळी गेला, १९७६ मध्ये साउ माउ पिंगलाच पुन्हा १८ जण गेले, आणि त्यानंतर १९७७ मध्ये सरकारने जिओटेक्निकल कंट्रोल ऑफिस स्थापन केले. उतारांचे आराखडे तपासणे, जुन्या उतारांची यादी ठेवणे आणि धोकादायक उतार दुरुस्त करवणे हे त्या कार्यालयाचे काम झाले. त्यामुळे तेथे जिओटेक अभियंत्याला विषय न सोडता शिखरापर्यंत जाण्याची शिडी मिळाली.

आपल्याकडे २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी झाली. दरडींच्या अभ्यासासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे आणि नाशिकच्या मेरी या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत मातीच्या चाचण्या होतात, परंतु राज्याच्या सेवेतील स्थापत्य अभियंता बदलीच्या नोकरीत असतो. आज मृद्यांत्रिकी, तर उद्या कालवा किंवा रस्ता. अशा रचनेत एका उताराची वीस वर्षांची आठवण असलेला अधिकारी तयार होणे कठीण आहे. देशात अभियंत्यांना परवाना देणारा, वकिलांसाठी आहे तसा केंद्रीय कायदाही नाही, त्यामुळे अहवालावरील सही कोणाची आणि तिची किंमत काय, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरते.

पायाखालची:

हाँगकाँगचे कार्यालय चालवायला दरवर्षी पैसा लागला असेल आणि तो शासनाकडून मिळवावा लागला असेल. ते काम कोअर बॉक्स उघडून होत नाही. माझा मुद्दा मागे घेण्याचे कारण मला अजून दिसलेले नाही.

बोअरलॉग:

पैसा मागायला जाणाऱ्याने उताराचा अहवाल स्वतः वाचलेला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. व्यवस्थापन शिकू नये असे मी लिहिलेले नाही. ते शिकल्याबद्दल विषय काढून घेतला जातो, यावर माझा आक्षेप आहे.

कोअरबॉक्स:

तोपर्यंत एक छोटी गोष्ट करता येईल. बोअर चालू असताना प्रत्यक्ष हजर असलेल्या अभियंत्याचे नाव आणि सही प्रत्येक बोअरलॉगवर (बोअरच्या नोंदपत्रकावर) असावी, आणि एसबीसी बदलायची झाल्यास बदलणाऱ्याने कारण लिहून स्वतःची सही करावी, असे कलम टेंडरमध्ये घालावे.

खडकवाट:

कलम चांगले आहे, परंतु टेंडर काढणाऱ्याच्या बाजूला ते कलम तपासणारा जिओटेक अभियंता नसेल, तर सह्या एका बैठकीत आणि एकाच पेनाने होतील. पहिली नेमणूक मालकाच्या बाजूला व्हायला हवी.