ड्राफ्ट बिअरची लाइन: पंख्याची हवा पुरते की ग्लायकोलच हवं?

काउंटरमागचा: बारचं काम काढलंय. केगच्या, म्हणजे बिअरच्या पिंपांच्या, थंड खोलीपासून नळापर्यंत 5 मीटर अंतर आहे. ठेकेदार ग्लायकोल चिलरवर (गार केलेलं ग्लायकोल-पाण्याचं मिश्रण बिअरच्या नळ्यांलगत फिरवणारं यंत्र) अडून बसलाय. माझं स्पष्ट मत, एवढ्याला पंखा पुष्कळ झाला. खोलीतली गार हवा एका डक्टमधून टॉवरपर्यंत, म्हणजे काउंटरवरच्या नळांच्या खांबापर्यंत, ढकलायची, दुसऱ्यातून परत आणायची, बिअरच्या नळ्या त्या हवेतच. मोटर गेली तर तासाभरात बदलता येते. ग्लायकोल म्हणजे आणखी एक कॉम्प्रेसर, आणखी एक पंप आणि त्यांची देखभाल. पटत नसेल तर आत्ताच सांगा, भिंत अजून बंद केलेली नाही.

गारवा: करूही नका. मी पंख्यावर चार वर्षं काढली आहेत. माल उतरवताना खोलीचं दार अर्धा तास उघडं राहतं, आतली हवा तापते आणि तीच तुम्ही नळ्यांभोवती फिरवता. एकदा अशाच वेळी ग्लासात थर्मामीटर बुडवून पाहिला. केगमध्ये 3 अंश, पहिल्या ग्लासात 9, तिसऱ्यात 4. पहिला ग्लास निम्म्याहून जास्त फेस! बिअर तापली की तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटणारच. मग पोरं गॅसचा दाब उतरवतात, त्यानं लाइनमध्ये आणखी बुडबुडे धरतात आणि केग हळूहळू मिळमिळीत होतो. दोष गरम नळीचा, शिक्षा गॅसला.

काउंटरमागचा: दाराचं मान्य, तिथे प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावतो. पण वाया किती जातं ते बघा. 6 मिमीच्या नळीत मीटरमागे जेमतेम 30 मिली, म्हणजे 5 मीटरला 150. तेवढ्यासाठी चिलर?

गारवा: एका नळाचे 150. दहा नळ असतील तर दीड लिटर, तेही एका वेळेचे. गिऱ्हाईक थांबलं, लाइन तापली, की पुन्हा तेवढेच. महिनाभर ओतलेला फेस बादलीत साठवून मोजा, मग बोलू.

दोन नळवाला: दोन-तीनच नळ असतील तर केग काउंटरखालच्या फ्रिजमध्ये ठेवा. लाइनच हातभर उरते.

पाना-पकड: मी लाइनींचंच काम करतो. तुम्ही दोघंही टॉवर विसरलात. ग्लायकोल बसवूनही फेस येतो म्हणून मला बोलावतात. काउंटरखाली वाकून पाहावं तर इन्सुलेशन टॉवरच्या वीतभर आधीच संपलेलं, उघड्या नळीवर पाणी सुटलेलं, कडेला काळी बुरशी. थंडावा थेट नळाच्या मुळाशी पोचला पाहिजे, मग तो हवेचा असो की ग्लायकोलचा. टॉवरला हात लावून बघा, कोमट लागला तर वरचा सगळा वाद फुकट.

चिलर घेतलात तर त्यात खाद्य दर्जाचं प्रोपिलीन ग्लायकोलच घाला, गाडीच्या रेडिएटरचं नाही, ते विषारी असतं. उणे 2 च्या खाली नेऊ नका, लाइनमध्येच बिअर गोठेल. मिश्रणात पाणी वाढलं की कॉइलवर बर्फ धरतो, तेही अधूनमधून तपासा. आणि लाइन कितीही गार असली तरी दर 14 दिवसांनी कॉस्टिकनं (तीव्र अल्कलीच्या द्रावणानं) धुवावीच लागते.

काउंटरमागचा: टॉवरचं खरंच ध्यानात नव्हतं. सध्या पंखाच लावतोय, पण परतीची हवा टॉवरच्या आतून फिरवून घेतो. भिंतीत ग्लायकोलच्या लाइनीपुरती जागा मोकळी सोडायला सांगितलंय. आणि बादली आजपासून ठेवतो.