विषय: जूनची सहल – आई-बाबांना झेपेल असं शांत काही?

प्रेषक: विंटरथूरची ताई

मंडळी, नमस्कार.
आपल्या स्वित्झर्लंडच्या मंडळाच्या सहलीच्या यादीत यंदाही टिटलिस आणि युंगफ्राउयोख हे गर्दीचे डोंगरच बघून जरा हिरमोड झाला. आई-बाबा पुण्याहून आलेत. परवा लुझर्नला नेलं, तर बाबा म्हणाले, "अगं, हा तर लक्ष्मी रोड!" आईचा डावा गुडघा कुरकुरतो, बाबा मात्र अजून सिंहगड चढतात. दोघांना एकत्र नेता येईल आणि केबल कारची रांग नसेल, अशी एखादी दरी सुचवा ना.

प्रेषक: बर्नचे काका

ताई, डोळे मिटून गास्टर्नटाल दरी. बर्नहून गाडीने स्पीत्समार्गे यायचं, कांडरश्टेगला उतरायचं. तिथून छोटी बस. बस कसली, आपलं वडापच. कड्याला चिकटलेला अरुंद रस्ता, वर जायच्या आणि खाली यायच्या वेळा ठरलेल्या, शेजारी कांडर नदी नुसती गरजत असते. घळ संपली की समोर परातीसारखी सपाट दरी. पंधराशे मीटर उंचीवर आणि चढ जवळपास नाहीच. आईंना दरीतल्या झेलडेन वस्तीपर्यंत बसने न्या आणि नदीकाठी बसवा. बाबांना झेलडेनच्या झुलत्या पुलावरून लोचेनपासच्या वाटेला लावा. खिंड 2,690 मीटरवर आहे, तेव्हा अर्ध्यातून परतायला सांगा (ऐकणार नाहीत, पण सांगा).

ही सपाटी कुठून आली माहितीये? हिमनदीने दरी खोल कोरली आणि मग ती वाळूगोट्यांनी भरत गेली. किती खोल, याचा अंदाज खालून जाणारा लोचबर्ग रेल्वे बोगदा खणणाऱ्यांचा चुकला. दरीखाली पक्का खडक असेल असं धरून ते सरळ पुढे गेले. 24 जुलै 1908 ला सुरुंग उडाला आणि वरचं पाणी, चिखल, गोटे सगळं बोगद्यात घुसलं. 25 कामगार गेले, बहुतेक इटलीहून पोटासाठी आलेले. तो भाग भिंत घालून बंद केला आणि बोगदा वळवून दरीला वळसा घातला. म्हणून तो 14.6 किलोमीटरचा झाला, 1913 मध्ये सुरू झाला. मला तिथे गेलं की दरवेळी बोरघाट आठवतो.

प्रेषक: विंटरथूरची ताई

काका, आईला हे शेवटचं सांगू का नको? आणि बस आयत्या वेळी मिळते का?

प्रेषक: थूनहून, मूळची सातारची

ताई, सांगा की, आया आपल्यापेक्षा घट्ट असतात. बसची जागा मात्र आधी राखूनच जा. आम्ही शहाणपणा केला होता. जाताना जागा मिळाली, येताना बस भरलेली. झेलडेनहून कांडरश्टेगपर्यंत चालत आलो. अडीच तासांवर लागले, वर धाकटीच्या बुटाचा तळ निघाला. तो केसांच्या रबराने बांधला आणि ती थेट स्टेशनपर्यंत फटक-फटक करत आली.

जूनमध्ये जंगलाच्या कडेला लेडीज स्लिपर ऑर्किड बघा. तपकिरी पाकळ्या आणि मध्ये पिवळी धम्मक चपलेसारखी वाटी. संरक्षित फूल आहे, हात लावायचा नाही. कासला मोठी झालेय, फुलांचं सहसा अप्रूप वाटत नाही, पण याच्यासमोर मी मातीत गुडघे टेकून बसले होते. आणि बर्फ वितळायला लागलं की गेल्टेनबाख धबधबा बघा. वर ओढा नाही काही नाही, पाणी सरळ कड्याच्या पोटातून उडी घेतं. आईंना खालूनच दिसेल.

नदीचं पाणी ताकासारखं पांढुरकं असतं, हिमनदीने दळलेल्या दगडाची पिठी ती. पाय बुडवा, पण दहा आकडे मोजून बाहेर काढा.

प्रेषक: सहल समिती

बरं, टिटलिस रद्द. जूनचा तिसरा शनिवार, गास्टर्नटाल. हवामान बिघडलं तर पुढचा. रस्ता उघडा आहे ना, हे आदल्या दिवशी बघून कळवतो. ज्यांच्याकडे हाफ फेअर कार्ड (अर्ध्या भाड्याचं) आहे त्यांनी तसं लिहा. बसच्या जागा एकगठ्ठा राखायच्या आहेत, तेव्हा डोकी रविवारपर्यंत कळवा. "बहुतेक येऊ" चालणार नाही, गेल्या वर्षी अकरा बहुतेक होते.

प्रेषक: बर्नचे काका

माझी दोन डोकी. दशम्या आणि दाण्याची चटणी मी आणतो. लसणीची की बिनलसणीची, ते विंटरथूरच्या आईंना विचारून कळवा.