कुत्र्याला आंबा, काजूचा बोंडू आणि इतर फळे कितपत द्यावीत?

प्रश्न (डिचोली):
आमच्याकडे दीड वर्षाची गावठी कुत्री आहे. घरामागे मानकुराद आंबा आणि काजूची झाडे असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत खाली पडलेली फळे ती स्वतःच उचलून खाते, शिवाय मुलेही तिला आपल्या ताटातल्या फोडी भरवतात. कोणती फळे तिला निर्धास्तपणे देता येतील आणि कशापासून तिला दूर ठेवावे?

उत्तर १ (फोंडा):
पिकलेल्या आंब्याच्या साल काढलेल्या दोन-चार फोडी चालतात. केळे आणि बिया काढलेले कलिंगडही चालते. मात्र फळे आणि इतर सगळा खाऊ मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. आंब्यातला खरा धोका बाठ्याचा आहे. तो गिळला गेला आणि आतड्यात अडकला, तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. वारंवार उलट्या होणे, अन्न न घेणे, शौचास न होणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून चोखलेले बाठे परसात न फेकता झाकणाच्या बालदीत टाकावेत.

उत्तर २ (वाळपई):
मला आंब्यापेक्षा काजूची अधिक काळजी वाटते. बोंडूला लटकलेल्या बीच्या टरफलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असलेले दाहक तेल असते. ती बी चावली, तर जीभ आणि हिरड्या भाजतात. झाडाखाली पडून आंबलेल्या बोंडवात अल्कोहोल तयार होते, आणि ते कुत्र्यांना थोड्या प्रमाणातही बाधते. जवळपास हुर्राकाची (बोंडूच्या रसापासून गाळलेल्या दारूची) भट्टी असेल, तर तिथल्या चोथ्याकडेही तिला फिरकू देऊ नये. हंगामात बोंडू रोज सकाळी वेचून घ्यावेत, आणि तेवढे जमणार नसेल, तर तिला त्या बाजूला मोकळे सोडू नये.

उत्तर ३ (मडगाव):
द्राक्षे, मनुका आणि बेदाणे मुळीच देऊ नयेत, कारण त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधा होईल हे आधी सांगता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावे असा पशुवैद्यकांचा कयास आहे. ते चिंचेतही असते, म्हणून चिंचही टाळावी. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण शिऱ्यातले बेदाणे आणि नाताळच्या केकमधल्या मनुका कुणाच्या लक्षात येत नाहीत. तिने असे काही खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा, आणि उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी कधीही पाजू नये, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.