मुलांच्या हाती फोन देऊन काय होणार?

निवासी शिबिरात मुलांजवळ मोबाइल असावा, म्हणजे पुरासारख्या संकटात घरी कळवता येईल, असं काहीजण सुचवतात. मला पटत नाही. नदीकाठी, दरीत रेंजच नसेल तर? आणि झोपेतल्या नऊ वर्षांच्या मुलीनं इशारा वाचून निर्णय घ्यायचा?

अमेरिकेत टेक्सासच्या केर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) ४ जुलै २०२५ ला अचानक येणाऱ्या पुराचा इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता. ग्वाडालूप नदीच्या त्या पुरात कॅम्प मिस्टिक या मुलींच्या शिबिरातल्या मुली आणि त्यांच्या देखरेखीवरच्या तरुणी मिळून २७ जणींचा जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे शिबिरांसाठी कायदा झाला: पूरक्षेत्रात राहत्या खोल्यांना मनाई, आपत्कालीन आराखडा सक्तीचा.

आराखडा कागदावर छानच दिसतो म्हणा. मी पालक म्हणून वेगळंच विचारेन. रात्री जागं कोण असतं? त्याच्याजवळ बॅटरीवर चालणारा, इशारा येताच मोठ्यानं वाजणारा हवामान रेडिओ आहे का? मुख्य म्हणजे, संचालकांना न विचारता मुलांना उंचावर हलवायचा अधिकार त्याला आहे का? परवानगीची वाट बघण्यातच मोलाची मिनिटं जातात. वीज गेली तरी चालणारा भोंगा आणि हजेरीची कागदी यादी हवीच.

सराव पहिल्याच रात्री, अंधारात घ्यावा; दुपारच्या उन्हात सगळ्यांनाच वाट सापडते. पालकांना कोण कळवणार आणि मुलं कुठे ताब्यात मिळणार, हे फी भरण्याआधीच लेखी मागून घ्या.