दऱ्या टाइप केलं की दर्या होतंय… ऱ्य आणि ॲ नीट कसे टाइप करायचे?

रानवाट:
नमस्कार मंडळी, बाबांच्या ट्रेकच्या वह्या टाइप करतीये, एकूण सात आहेत, घरच्यांपुरतं छोटं पुस्तक छापायचंय. वर्डमध्ये मला सगळं बरोबर दिसतं पण प्रेसमधून प्रूफ आलं त्यात दऱ्याच्या जागी दर्या, पायऱ्याच्या जागी पायर्या, कऱ्हाड पण कर्हाड! हरिश्चंद्रगडावरच्या पानात कोकणकड्याखाली चक्क समुद्र आलाय. प्रेसवाले म्हणतात तुमच्याच फाइलमध्ये तसं आहे आणि माझ्या स्क्रीनवर तर नीट दिसतंय, मग चूक शोधू कुठे? बाबा शुद्धलेखनाच्या बाबतीत फार काटेकोर होते, त्यांच्या नावावर अशा चुका जायला नकोत मला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरते, विंडोज १०. आणि ॲ कसा काढायचा तेही सांगा, माझा कधी बरोबर येतो कधी अक्षरं तुटतात.

खटाखट:
ताई, तुम्ही दऱ्या मधला तो आडवा र कसा काढता ते सांगा आधी. र, हलन्त, मग कंट्रोल शिफ्ट १, मग य, असं का?

रानवाट:
हो हो तसंच, क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं.

खटाखट:
मग तिथेच आहे सगळं. कंट्रोल शिफ्ट १ ने एक न दिसणारं अक्षर पडतं, झिरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला, त्याला रुंदीच नसते, तो असतो म्हणून र् चा रफार न होता आडवा र दिसतो. पण फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली, फॉन्ट कन्व्हर्ट झाला की बऱ्याच वेळा हे न दिसणारं अक्षर गाळलं जातं, आणि ते गेलं की उरतो साधा र्य. म्हणजे तुमचंही बरोबर आणि प्रेसवाल्यांचंही.

पक्का उपाय म्हणजे ऱ वापरा, खाली टिंब असलेला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे. त्यापुढे हलन्त आणि य किंवा ह दिला की आपोआप आडवा र होतो, न दिसणारं काही लागतच नाही. दऱ्या साठी ओ, शिफ्ट जे, डी, स्लॅश, ई. दोन दिवसात बोटांना सवय होते. शिफ्ट ४ वर जो र् आहे तो रफाराचा, त्याने हे होणार नाही.

शाईपेन:
+१. आणि ताई, रिप्लेस ऑल अजिबात मारू नका!! शोधताना ते न दिसणारं अक्षर कधीकधी धरलंच जात नाही, मग दऱ्यांबरोबर सूर्य, कार्य, पर्याय सगळ्यांचा र आडवा होऊन बसेल. एकेक बघून बदला, आणि प्रेसच्या फाइलवर नको, तुमच्या मूळ फाइलवर करा, कारण प्रेसच्या फाइलमधून खूण गेलेली आहे, तिथे कुठला र्य मुळात ऱ्य होता हे आता वाचूनच कळणार. मी ३० वर्षं प्रूफं तपासतोय, आचार्यास दक्षिणा आणि आचाऱ्यास दक्षिणा यातला फरक कुठलंही मशीन सांगत नाही, पुरोहित की स्वैपाकी ते माणसानेच ठरवायचं.

खटाखट:
अगदी. ॲ चं राहिलंच की. एकाच उच्चाराची तीन प्रकरणं आहेत. अ वर वेगळा चंद्र दिलेला अॅ, हिंदीवाला ऍ (शिफ्ट १ वर), आणि आपला एकसंध ॲ, जो युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांची प्रमाण यादी, त्यात प्रत्येक अक्षराला नंबर असतो) २००८ साली आला, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये चौकोन दिसतो. तुमचं तुटतंय ते अ आणि चंद्र वेगवेगळे दिल्यामुळे. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यात ०९७२ टाइप करून लगेच ऑल्ट एक्स दाबा, ॲ येईल. उबुंटूवर असाल तर कंट्रोल शिफ्ट यू, मग तोच आकडा, मग एंटर. सगळीकडे एकच वापरा, नाहीतर ॲल्युमिनियम शोधलं तर अर्धे सापडतात अर्धे नाही.

रानवाट:
शिफ्ट जे जमलं!! इतकी वर्षं ती की तिथेच होती आणि मला माहीत नाही. पहिल्या वहीत १४२ ठिकाणी निघाले, एकेक करून बदलले, आणि शाईपेन काका तुमचं ऐकलं ते बरं झालं, "सूर्य डोक्यावर आला" हे वाक्य बाबांनी जवळजवळ प्रत्येक ट्रेकला लिहिलंय. एक शेवटचं, एसटीच्या तिकिटाचे हिशोब आहेत त्यात ₹ कुठून आणू?

शाईपेन:
कीबोर्ड इंग्लिश इंडियावर ठेवा, उजवीकडचा ऑल्ट आणि ४. पण हे चिन्ह २०१० सालचं आहे, बाबांनी वहीत रु. लिहिलं असेल तर तेच राहू द्या की.

रानवाट:
हो, रु.च लिहिलंय त्यांनी. तसंच ठेवते. आता तिसऱ्या वहीवर आहे.